फ्रेंच विभागाची उत्तरपूजा

बारावीत मला फ्रेंचमध्ये जवळजवळ पैकीच्या पैकी मार्क पडले आणि तिथूनच सगळं बिघडलं.

आमच्या तमिळनाडूत शाळेत फ्रेंच कोणी फ्रान्सला जायला घेत नाही, मार्क पडतात म्हणून घेतात. प्रश्न ठरलेले, उत्तरं ठरलेली. घोकायचं आणि ओकायचं. मी इतकं सुरेख ओकलं की मला वाटलं आपल्याला ही भाषा येते. अहो, स्वतःचं एक वाक्य बोलता येत नव्हतं! पण त्या वयात मार्कशीट सांगेल तेच खरं वाटतं. मी तंजावरातच विद्यापीठात बी.ए. फ्रेंचला नाव घातलं.

आई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "फ्रेंच शिकून कोणास काय उपयोग गं? इथें बोलणार कोणाशी, कावेरीशी?"

आमच्या घरचं मराठी हे असं. मराठा राजांबरोबर दक्षिणेत आलेल्या लोकांचं, जुन्या वळणाचं, आणि सूर मात्र पक्का तमिळ. पुण्याची माणसं ऐकतात आणि हसतात. हसू देत. घरात कोणालाच देवनागरी वाचता येत नव्हतं, मलाही नाही. हे लिहितेय ती लिपी मी पुढे पुण्यात नोकरीला आल्यावर शिकले, म्हणजे फ्रेंचच्याही नंतर. तर आईनं शेवटी अट घातली. हें जमलें तर ठीक, नाहीतर गपचूप बी.कॉम. करायचं आणि पुढे ती सांगेल ते. "सेरी," म्हणाले मी. ‘बरं’ असं तोंडानं म्हणायचं, एवढंच त्या वेळी सुचलं.

फ्रेंच विभाग म्हणजे सायकल स्टँडमागची तळमजल्यावरची एक खोली. त्यात एक फळा, एक कपाट पुस्तकं, जुना टेपरेकॉर्डर आणि मादाम. मादाम म्हणजे आमच्या बाई. कुंभकोणमकडच्या, नऊवारी नेसणाऱ्या घरातल्या, कपाळाला कुंकू, डोक्यात गजरा, आणि जन्मात फ्रान्स पाहिलेलं नाही. पण कोणी "मॅडम" म्हटलं की ऐकूच येत नसे. "मादाम" म्हटलं की मान वळायची. फ्रेंच माणसं कशावरही विश्वास ठेवत नाहीत, आधी शंका घेतात, असं त्या आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगत आल्या होत्या. "शंका घ्या! माझ्यावरसुद्धा घ्या!" आणि कोणी घेतली की वर्गाबाहेर काढायच्या.

विद्यार्थी आम्ही तिघं. मी. दुसरी तिरुवैयारूची, गाणं शिकणारी, जी फ्रेंच क्रियापदंसुद्धा सुरात म्हणायची आणि शेवटच्या अक्षरावर गमक घ्यायची. तिसरा ओरत्तनाडूचा, घरची भातशेती. त्याला खरं तर भौतिकशास्त्र हवं होतं, पण ते भरलं होतं आणि कारकुनानं त्याला सांगितलं की फिजिक्स काय आणि फ्रेंच काय, दोन्हीची सुरुवात ‘फ’नंच होते, तेव्हा फारसा फरक नाही. तो खरंच तसं मानून आला. असा भोळा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

शिकवण्याची पद्धत शाळेतलीच होती. मादाम पुस्तक उघडायच्या, चष्मा चढवायच्या आणि विचारायच्या, "आलोर, ऊ आं नेतियाँ-नू?" म्हणजे, तर मग, कुठवर आलो होतो आपण? आम्ही पान सांगायचो आणि मग तिघांनी एका सुरात म्हणायचं: सकाळी मी दुधाची कॉफी आणि एक क्रोसाँ घेतो. क्रोसाँ, म्हणजे तो चंद्रकोरीसारखा पाव, आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. ओरत्तनाडूच्याला तो मासा वाटत होता. त्यानं ते शेवटच्या वर्षापर्यंत कोणाला सांगितलं नाही. मादामनाही बहुधा खात्री नसावी, कारण आम्ही विचारलं की त्या म्हणायच्या, "ते परीक्षेला येत नाही."

अशी दोन वर्षं सुखात गेली. शेवटचं वर्ष लागलं आणि कचेरीतून निरोप आला की फ्रेंच विभाग बंद. पूजेच्या सुट्टीनंतर खोली रिकामी करायची, तिथे कॉम्प्युटरची नवी लॅब होणार. पुस्तकं गोदामात, मादाम इंग्रजी विभागात, आणि आम्ही तिघं? आमचे उरलेले फ्रेंचचे पेपर रद्द, त्याऐवजी ‘व्यवसायासाठी पत्रलेखन’ असा काहीतरी पेपर आणि हातात नुसती बी.ए. पदवी, त्यावर फ्रेंच हा शब्दच नाही. ज्या विभागाला खोली नाही आणि पुस्तकं नाहीत, त्याची परीक्षा घेता येत नाही, असा नियम.

मी हबकलेच. दोन वर्षं पाण्यात, आणि समोर लाटणं हातात घेतलेली आई. तिरुवैयारूची रडली. ओरत्तनाडूच्यानं विचारलं, "मग आता भौतिकशास्त्र मिळेल का?" मादाम फक्त म्हणाल्या, "उद्या सरस्वतीपूजा. फुलं आणा."

महाराष्ट्रात दसऱ्याला पाटीपूजन करतात, तसंच आमच्याकडे आदल्या दिवशी सरस्वतीपूजा. पण आमच्याकडे एक नियम जास्त आहे. घरातली, शाळेतली सगळी पुस्तकं देवीपुढे रचायची, गंध-कुंकू लावायचं, वरून वस्त्र घालायचं. आणि एकदा रचली की त्यांना हात लावायचा नाही. वाचायचंही नाही, काहीही, बसची पाटीसुद्धा डोळे चुकवून पाहायची. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा करायची, रास थोडी उत्तरेला सरकवायची, एका पुस्तकातली एक ओळ मोठ्यानं वाचायची. मग देवी गेली आणि विद्या परत आली. आमच्या मुलामुलींचा हा वर्षातला सगळ्यात लाडका सण. अभ्यास करणं हे पाप, असा दिवस दुसरा कुठला?

आम्ही कपाट रिकामं केलं. भिंतीलगत विटांवर एक लाकडी फळी टाकून त्यावर सगळी पुस्तकं रचली. सगळ्यात वर मादामचा शब्दकोश. तो त्यांनी तरुणपणी पुदुच्चेरीहून आणला होता आणि आम्हाला त्याला हात लावायची परवानगी नव्हती. शब्द हवा असला की आम्ही सांगायचा आणि त्या काढून द्यायच्या. टेपरेकॉर्डरलाही कुंकू लावलं. वरून मादामची जुनी रेशमी पट्टुसाडी पांघरली, पुढे गूळ घातलेले पोहे-चुरमुरे आणि हरभऱ्याची उसळ ठेवली. ती मोठी छान झाली होती. विभाग बंद पडणार म्हणून आम्ही दुःखानं दोन-दोन द्रोण खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजेला जमलो. मादामनी दिवा लावला, उदबत्ती फिरवली. मग दोन्ही हात राशीकडे नेले आणि तसेच हवेत ठेवून उभ्या राहिल्या. बाहेर सायकल स्टँडवर कोणीतरी घंटी वाजवत होतं. मादामनी हात मागे घेतले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, "आज नको."

आम्हाला वाटलं मुहूर्त नसेल. दुसऱ्या दिवशीही त्या म्हणाल्या, आज नको. तिसऱ्या दिवशी कचेरीतला शिपाई हातगाडी घेऊन दारात आला. आत पाहतो तर दिवा, फुलं, साडी पांघरलेली रास. त्यानं चपला काढल्या, हात जोडले, गालावर चापट्या मारून घेतल्या आणि हातगाडी उलटी वळवली. त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मादामकडे पाहिलं. त्या फुलवाती वळत होत्या, आणि चेहरा कसा, तर ताकास तूर लागू देणार नाही असा.

मग एओ सार आले. एओ सार म्हणजे कचेरीचे प्रशासकीय अधिकारी. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खिशात तीन पेनं. दारातूनच म्हणाले, "अम्मा, पूजा कधी संपणार?"

"संपेल तेव्हा."

"दसरा होऊन गेला."

"तुमचा झाला असेल. इथली देवी अजून बसलेली आहे. तुम्हाला उठवायची असेल तर उठवा, सार. मी आड येणार नाही." आणि खरंच त्या बाजूला सरकल्या.

एओ सार एक पाऊल पुढे आले आणि थांबले. इथे एक गोष्ट सांगायला हवी: सारांची मुलगी त्या वर्षी बारावीला होती. मादामना ते ठाऊक होतं. सगळ्या विद्यापीठाला ठाऊक होतं, कारण सार वर्षभर दुसरं काही बोलतच नव्हते. आणि मार्क पडावेत म्हणून तिनंही फ्रेंच घेतलं होतं! आता असा बाप सरस्वतीच्या अंगावरचं वस्त्र ओढणार? मेला तरी नाही. त्यांनी जवळच्या देवळातल्या गुरुक्कळांना, म्हणजे पुजाऱ्यांना बोलावून आणलं. गुरुक्कळांनी रास पाहिली, प्रसाद खाल्ला, विचार केला, परत प्रसाद खाल्ला आणि निकाल दिला: ज्यानं पूजा मांडली त्यानंच उतरवायची, दुसऱ्या कोणी हात लावला तर त्याच्या घरची विद्या जाते. एओ सारांनी घाम पुसला. "परीक्षा होऊ दे," ते पुटपुटले, "रिझल्ट लागू दे." खोलीही आहे, पुस्तकंही आहेत, म्हणजे नियमानं विभागही आहे. मला इतका आनंद झाला की मी तिरुवैयारूचीला मिठीच मारली.

आणि मग ध्यानात आलं की आपण मेलो. पुस्तकं आहेत, पण वाचता येत नाहीत!

मी म्हटलं, "मादाम, कोणी बघत नाही. मागच्या बाजूनं एकच काढू."

मादाम इतक्या संतापल्या की गजरा हलला. "फसवायचं असेल तर कचेरीला फसवा. तिला नाही." बोट राशीकडे. हीच बाई आम्हाला दोन वर्षं सांगत होती, कशावरही विश्वास ठेवू नका! मी तसं म्हणाले. त्या म्हणाल्या, "शंका घेण्यावर मी कधी शंका घेतली नव्हती. आता घेते. बस खाली."

मग त्यांनी सवयीनं चष्मा चढवला, पुढ्यात काही नाही हे पाहून उतरवला आणि विचारलं, "आलोर, ऊ आं नेतियाँ-नू?" कुठवर आलो होतो?

आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली. पानच नाही तर कुठवर येणार? आम्ही म्हटलं, सकाळी मी दुधाची कॉफी आणि एक क्रोसाँ. ते संपलं. शेवटी मादामनी ओरत्तनाडूच्याला फ्रेंचमध्ये विचारलं, पण आज खरोखर काय खाल्लंस? तो घाबरून उभा राहिला. बराच वेळ त्याचे ओठ हलले, आणि मग तो म्हणाला, "काल... भात. पाणी. सकाळी... कालचा भात." शिळ्या भातात पाणी घालून सकाळी खातात, ते. मादाम म्हणाल्या, "बियँ." छान. तो खाली बसला तेव्हा त्याला दरदरून घाम आला होता.

तिथून सुरुवात झाली. काय सांगू, कसलं फ्रेंच ते! शब्द अडला की शब्दकोशाकडे सगळ्यांची मान वळायची, आणि शब्दकोश साडीखाली. मग फिरवून फिरवून सांगायचं. भाताची लावणी याला शब्द नव्हता, म्हणून ओरत्तनाडूच्यानं ‘गवताचं लग्न’ म्हटलं, आणि तेच कायम झालं. एओ सार म्हणजे ‘तीन पेनांचे गृहस्थ’. सायकल स्टँड म्हणजे ‘चाकांचा गोठा’. तिरुवैयारूचीनं गमकं सोडली, कारण पुढचा शब्द शोधता शोधता सूरच हरवायचा. मादामही अडायच्या, आमच्याइतक्याच. पुस्तकाशिवाय त्या जन्मात कधी फ्रेंच बोलल्या नव्हत्या, हे आम्हाला कळलं आणि त्यांनाही. त्या कपाळावर हात मारायच्या आणि म्हणायच्या, "अय्यो, होता मेला शब्द, कालपर्यंत होता!" जगात फक्त चार माणसांना कळेल अशी भाषा आम्ही तयार केली, आणि भांडलो, चहाड्या केल्या, सिनेमाच्या गोष्टी सांगितल्या, सगळं त्यात.

पूजा चालू म्हणजे सगळे नियमही चालू. रोज दिवा, रोज फुलं, रोज नैवेद्य. खोलीत मासे आणायचे नाहीत. त्यामुळे ओरत्तनाडूचा आपला डबा चाकांच्या गोठ्यात बसून खायचा. नैवेद्याच्या पाळ्या लावल्या. माझी पाळी आली तेव्हा आईला सांगणं भाग पडलं. ती ऐकून थक्कच झाली. "देवीस असें बसवून ठेवतें का कोणी? ती कंटाळेल! आणि रोज चुरमुरेच घालतां? तुम्हांस काही लाज?" दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरून पुरणपोळी, गोड अप्पे, डांगराची पच्चडी जाऊ लागली. फ्रेंचचा कोणास काय उपयोग असं म्हणणारी बाई रोज सकाळी विचारू लागली, काल देवीनं काय खाल्लं? देवीनं खाल्लेलं सगळं आम्हीच खात होतो. त्या वर्षी आम्ही तिघंही जाड झालो.

सहामाही परीक्षेला मोठा पेच पडला. प्रश्नपत्रिका वाचायची का नाही? मादामनी रात्रभर विचार केला असावा, कारण सकाळी डोळे लाल होते. निकाल असा: प्रश्नपत्रिका वस्त्राखाली नव्हती, सबब ती पूजेत नाही. मी म्हटलं, या न्यायानं बाजारातून नवीन पुस्तकं आणून वाचता येतील की! मादाम म्हणाल्या, "येतील. पण आता ती कशाला?" परीक्षेत आम्ही बरे पास झालो. पैकीच्या पैकी कोणालाच नाही.

एकदाच जीव टांगणीला लागला. आमच्याकडे पावसाळा दसऱ्यानंतरच येतो, तो ऐन भरात होता, भिंती गळत होत्या. लॅबवाल्यांचा एक माणूस आमची परवानगी न घेता मापं घ्यायला आला, फीत धरून मागे मागे सरकत गेला आणि त्याचं बूड फळीवर आदळलं. रास हलली. चांगली वीतभर सरकली!

मादाम पांढऱ्या पडल्या. रास सरकली म्हणजे उत्तरपूजा झाली. उत्तरपूजा झाली म्हणजे हातगाडी. मला समोर बी.कॉम. दिसायला लागलं. तोवर बातमी कचेरीत पोचली आणि तीन पेनांचे गृहस्थ धावत आले. आम्हाला वाटलं आता संपलं. पण त्यांनी सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं, मोबाईल काढला, त्यातलं होकायंत्र उघडलं आणि फळीपुढे उकिडवे बसले. काटा फिरता फिरेना. मग ते उभे राहून हवेत मोबाईलनं आठचे आकडे काढू लागले, दिव्यापुढे, अगदी ओवाळल्यासारखे. तिरुवैयारूचीनं तोंडात पदर कोंबला.

"आग्नेय," सार शेवटी म्हणाले. "रास आग्नेयेला सरकली आहे. उत्तरेला नाही. पूजा चालू आहे." आणि असा सुस्कारा सोडला की वाटलं, आमच्यापेक्षा त्यांनाच सुटल्यासारखं झालं होतं. जाताना त्यांनी फळीपुढे मुलीचं परीक्षेचं पेन ठेवून नमस्कार केला. मापं घेणाऱ्याला त्यांनी काय काय सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही.

मार्गळीचा, म्हणजे मार्गशीर्षाचा महिना लागला, थंडी पडली. त्या दिवसांत मला फळीखालच्या विटेवर मातीची बारीक रेघ दिसली होती. वाटलं, गंधाचे ओघळ असतील. मादाम त्या सुमारास जरा गप्प असायच्या. दिवा लावताना खाली वाकून खूप वेळ बघत राहायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "वाती नीट जळत नाहीत." मग वळून विचारायच्या, कुठवर आलो होतो?

उन्हाळ्यात शेवटची तोंडी परीक्षा झाली. पुदुच्चेरीहून परीक्षक आल्या, कडक इस्त्रीच्या, फ्रान्समध्ये शिकलेल्या. मला पहिलाच प्रश्न: सकाळी काय घेता? दोन वर्षं घोकलेलं वाक्य जिभेवर आलं आणि मी ते गिळलं. म्हटलं, पोंगल. मग पोंगल म्हणजे डाळ-तांदळाची मऊ खिचडी हे सांगत बसले, त्यात मिरी का, वर तूप का, आई मिरी जास्त का घालते, माझं आणि आईचं कशावरून बिनसलं, देवीनं त्या पोळ्या कशा खाल्ल्या. बाईंनी दुसरा प्रश्न विचारलाच नाही. ओरत्तनाडूच्यानं त्यांना गवताचं लग्न आख्खं लावून दिलं. बाहेर आल्यावर त्या मादामना म्हणाल्या, "असं फ्रेंच मी कुठेही ऐकलेलं नाही. चुका तर विचारूच नका. पण मला सगळं कळलं. असं कसं शिकवलंत?"

मादाम म्हणाल्या, "पुस्तकं बंद ठेवून." बाईंना ते आधुनिक शिक्षणशास्त्र वाटलं, त्या मान डोलवत गेल्या.

आम्ही तिघंही पास. पदवीवर फ्रेंच. आईनं गल्लीभर लाडू वाटले आणि ज्याला त्याला सांगितलं की मी आधीपासून म्हणत होतें. एओ सारांच्या मुलीचा निकालही लागला; फ्रेंचमध्ये पैकीच्या पैकी. मादाम त्याच महिन्यात निवृत्त होत होत्या. त्यांनी आम्हाला बोलावलं: उत्तरपूजा करायची आहे, या.

दारात एओ सार आणि हातगाडी थांबली होती. मादामनी दिवा लावला, आरती केली, रास दोन्ही हातांनी उत्तरेला सरकवली. ती फार सहज सरकली, एवढ्या पुस्तकांची रास इतकी हलकी कशी, असं माझ्या मनात आलं. मग त्यांनी साडी उचलली.

वरून सगळं जसंच्या तसं होतं. पाठपुठ्ठे, शिवण, कुंकवाचे ठिपके. मादामनी शब्दकोश हातात घेतला आणि उघडला, आणि आतून माती सांडली. नुसती माती आणि भुसा. दुसरं पुस्तक, तिसरं, सगळी तशीच. वाळवीनं आख्खा विभाग खाल्ला होता. पानांच्या कडा तेवढ्या पुठ्ठ्यांना चिकटून होत्या. तिरुवैयारूची हुंदका देऊन भिंतीला टेकली.

"मादाम," मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"मार्गळीत माती दिसली."

"मग उचललं का नाही? निदान शब्दकोश तरी!"

मादामनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून क्रोसाँवरच आहे. "उचलला असता तर पुस्तकं राहिली असती," त्या म्हणाल्या, "तुम्ही नसता राहिलात." आणि शब्दकोशाचे रिकामे पुठ्ठे मिटून त्यांनी मांडीवर ठेवले. मला रडू आवरेना. इतक्या दिवसांत मी त्या बाईला मनातून किती वेळा हट्टी म्हटलं होतं, त्याला गणती नाही.

"रडू नंतर," मादाम म्हणाल्या. "एक ओळ वाच. त्याशिवाय पूजा पुरी होत नाही."

ओळ कुठली वाचणार? मी एकेक पुठ्ठा उघडून पाहिला, माती झटकली. कुठे चार अक्षरं सलग नव्हती. दारातून एओ सारांनी हळूच विचारलं, "झालं का, अम्मा?" मग मी हातातला पुठ्ठा खाली ठेवला आणि जे रोज ऐकलं होतं ते मोठ्यानं म्हटलं.

"आलोर, मादाम. ऊ आं नेतियाँ-नू?"

मादामनी चष्मा काढून पदरानं पुसला, खूप वेळ पुसला. "विसरले," त्या फ्रेंचमध्ये म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगा."

आम्ही तिघं त्या मातीच्या ढिगापुढे मांडी घालून बसलो आणि सांगायला लागलो, की सकाळी आम्ही काय घेतो. तिघांचं तीन तऱ्हांचं होतं.